काजू कारखान्याचं ऑडिट: आधी हजेरीवही उघडा

परदेशी ग्राहकाचा मेल आला, ‘एथिकल सर्टिफिकेट पाठवा’, की आमच्या वेंगुर्ले-सावंतवाडीकडचे कारखानदार लगेच कन्सल्टंट शोधायला धावतात. मी अशा कारखान्यांचे हिशेब आणि लायसन्सची कामं बघते. माझं सांगणं एकच असतं: नेमकं काय हवंय, ते आधी ग्राहकालाच विचारा.

सेंद्रिय काजूगर हवे असतील तर एनपीओपी, म्हणजे केंद्र सरकारच्या सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचं प्रमाणपत्र. तिथे कारखान्याआधी बाग तपासतात आणि काजूसारख्या बहुवार्षिक पिकाला साध्या बागेची सेंद्रिय बाग व्हायला, म्हणजे रूपांतराला, ३ वर्षं जातात. नुसतं पर्यावरण व्यवस्थापन हवं असेल तर आयएसओ १४००१ हे आंतरराष्ट्रीय मानक. पण बहुतेक वेळा मागणी असते ती ‘स्मेटा’ची, म्हणजे कामगारांना कसं वागवता ते तपासणाऱ्या सेडेक्स संस्थेच्या पद्धतीची, आणि ते सर्टिफिकेट नाहीच. ते ऑडिट आहे. पास-नापास नाही, अहवाल येतो, त्रुटी आणि त्या दुरुस्त करायची मुदत येते. फ्रेम करून लावायला काही मिळत नाही म्हणून काही मालक हिरमुसतात, त्याला इलाज नाही. त्याचे दोन प्रकार: टू पिलरमध्ये कामगार आणि सुरक्षितता, फोर पिलरमध्ये त्याशिवाय पर्यावरण आणि व्यवहारातली सचोटीही. कुठलं, ते लेखी घ्या.

गाडी अडते ती मजुरीवर. आपल्याकडे काजू बी फोडण्या-सोलण्याची मजुरी किलोवर चालते. ऑडिटर विचारणार, हात न बसलेल्या नव्या बाईला दिवसाअखेर किमान वेतन पडतं का? पडत नसेल तर फरक तुम्ही भरायचा. म्हणून किलोच्या वहीत तासांचाही रकाना आखा. आठवड्याला जास्तीत जास्त ४८ तास, ओव्हरटाइम धरून ६०, सात दिवसांत एक सुट्टी, ओव्हरटाइमला दुप्पट दर. दोन वह्या ठेवू नका. रविवारची हजेरी कोरी आणि त्याच रविवारी बॉयलरच्या वहीत बी शिजवल्याची नोंद, हे पकडायला त्यांना चहा गार होण्याइतकाही वेळ लागत नाही.

कामगार बायकांशी ऑडिटर एकट्यात बोलतात, मालक आणि सुपरवायझर बाहेर. उत्तरं पढवलीत तर सगळ्या एकच वाक्य म्हणतात आणि तिथेच संशय येतो. त्यापेक्षा पगारपत्रक मराठीत द्या आणि एकदा बसून समजावून सांगा.

टरफलातल्या तेलाने हात सोलवटतात, तरी हातमोजे खुंटीवरच असतात, कारण जाड मोज्यात गर धरता येत नाही. दोन-तीन प्रकार आणून बी फोडणाऱ्यांनाच निवडू द्या.

पर्यावरणाच्या भागासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र काढून त्यावरची मुदत, उत्पादनक्षमता आणि बॉयलरचं इंधन प्रत्यक्षाशी ताडून बघा. टरफलं तेलवाल्याला विकत असाल तर पावत्या जपा.

ऑडिटची फी माणसांच्या संख्येवर ठरते, तेव्हा ठेकेदाराची माणसं लपवून आकडा कमी सांगू नका. आल्यावर डोकी मोजतातच. आणि तारीख हंगामातली घ्या. बंद मशीनं आणि रिकामे पाट दाखवून ऑडिट होत नाही.