तिसरा मजला, लिफ्ट नाही: बाबागाडी घेण्याआधीची तयारी

आमच्या इमारतीत तळापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत ५४ पायऱ्या आहेत. डोंबिवलीतल्या पुष्कळ जुन्या इमारतींना लिफ्ट नाही, आमच्याही नाही. लेक व्हायच्या वेळी पहिली बाबागाडी आम्ही मोबाइलवर फोटो बघून पसंत केली. सुरेख होती. जाड गादी, मोठी चाकं, वजन साडेदहा किलो. दीड महिन्याच्या लशीला जायचं म्हणून ती पहिल्यांदा खाली न्यायची वेळ आली तेव्हा नवरा कामावर गेलेला, सासूबाईंचे गुडघे दुखत होते आणि माझं सिझर होऊन जेमतेम सहा आठवडे झाले होते. गाडी वरच राहिली, बाळाला छातीशी धरून मी रिक्षाने गेले. चार महिन्यांनी ती गाडी विकून ५.८ किलोची दुसरी घेतली आणि त्यानंतर आम्ही रोज बाहेर पडायला लागलो. म्हणून घरात बाळ येणार असेल त्यांना मी आधी एवढंच विचारते: दुपारी तीन वाजता घरात दुसरं कोणी नसताना ही गाडी कोण उचलणार आहे? उत्तर ज्या माणसाचं असेल, त्याच्या हातांना झेपेल ती गाडी घ्यायची.

पहिलं काम घरातच करायचं, मोजपट्टी घेऊन. जिन्याच्या पायऱ्या मोजा. लिफ्ट असेल तर तिच्या दाराची रुंदी मोजा. जाळीच्या दाराच्या जुन्या लिफ्टमध्ये गाडी उघडी शिरेलच असं नाही. मुख्य दार, चपलांच्या स्टँडमुळे अरुंद झालेला बोळ आणि मिटलेली गाडी जिथे उभी राहणार ती जागाही मोजून घ्या. आकडे कागदावर लिहून पाकिटात ठेवा, दुकानात उपयोगी पडतात. मग वजनाचा हिशेब. जन्मताना तीन किलोचं बाळ वर्षाच्या आसपास नऊ किलोचं होतं. म्हणजे सहा किलोची गाडी आणि नऊ किलोचं बाळ मिळून पंधरा किलो झाले, त्यात भाजीची पिशवी वेगळी. जिन्यावर बाळाला गाडीत बसवून गाडी उचलायची नाही, एकटीने तर नाहीच. बाळ एका हातात, मिटलेली गाडी दुसऱ्या हातात किंवा खांद्याला, असंच चढावं लागतं. हे जमण्यासाठी लिफ्ट नसलेल्या घरात माझ्या मते सहा किलो ही शेवटची रेघ. लिफ्ट असेल तर सात-आठ किलोही चालेल. गाडीला खांद्याला अडकवायचा पट्टा असेल तर तीच गाडी एक किलोने हलकी वाटते, हे अनुभवाचं सांगते.

आता कधी घ्यायची. आपल्याकडे बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी काही आणायचं नाही असं बऱ्याच घरांत मानतात, आणि गाडीच्या बाबतीत ते पाळलं तरी काहीच अडत नाही. पहिला सव्वा महिना बाळ-बाळंतीण घरात असतात, बऱ्याचदा माहेरी असतात. तोवर पाळणा किंवा झोळी पुरते. तेव्हा आधी फक्त बघून ठेवा, दोन-तीन गाड्या हेरून ठेवा आणि खरेदी बारशानंतर करा. बारशाला मावशी, आत्या, ऑफिसातले लोक "काय देऊ?" असं मनापासून विचारतात. मोकळेपणाने सांगा की सगळे मिळून गाडी द्या. तीन महिन्यांत लहान होणाऱ्या बारा झबल्यांपेक्षा त्यांनाही ते आवडतं. माझ्या दुसऱ्या गाडीचे अर्धे पैसे दोन आत्यांनी मिळून दिले.

हलक्या गाडीबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र वजनाची नाही, पाठीची आहे. बाळाची मान धरायला साधारण चार महिने लागतात, आधाराशिवाय बसायला सहा किंवा थोडे जास्त. तोवर त्याला बसतं ठेवलं तर मान पुढे पडते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडू शकतो. म्हणून नवजात बाळासाठी पाठ जवळजवळ सपाट होणारी गाडीच लागते. युरोपात गाड्यांसाठी ईएन १८८८ नावाचं प्रमाण आहे. त्यात लहान बाळांसाठी पाठ आणि आसन यांच्यातला कोन किमान १५० अंश असावा असं धरलं आहे. खोक्यावर किंवा पुस्तिकेत "जन्मापासून" लिहिलंय की "सहा महिन्यांपासून", ते नीट वाचा. स्वस्त आणि हलक्या गाड्यांमध्ये इथेच फसगत होते. तीन-साडेतीन किलोची, छत्रीसारखी मिटणारी गाडी हातात फुलासारखी वाटते, पण त्यातल्या बऱ्याच गाड्यांची पाठ मागे होतच नाही.

या छत्रीगाडीचा जन्म कसा झाला ते मला फार आवडतं. ओवेन मॅक्लारेन हे इंग्रज अभियंते, विमानांच्या कामातले. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर त्यांनी काम केलं होतं. निवृत्तीनंतर परदेशातून आलेल्या लेकीची नातवंडासाठीची अवजड गाडी त्यांनी पाहिली आणि विमानाची चाकं जशी दुमडून पोटात जातात तशी दुमडणारी, ॲल्युमिनियमच्या नळ्यांची गाडी बनवली. १९६५ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. पहिल्या गाडीचं वजन होतं सहा पौंड, म्हणजे पावणेतीन किलोच्या आत. लेकीचा भार बापाला दिसला आणि त्यातून जगभरच्या आया सुटल्या. पण ती गाडी बसू शकणाऱ्या मुलासाठी होती, आजही तशा गाड्या त्यासाठीच उत्तम आहेत. तेव्हा दोन रस्ते आहेत. एक, सपाट पाठीची साडेपाच ते सात किलोची एकच गाडी घ्यायची आणि तीन वर्षं वापरायची. दुसरा, पहिले सहा महिने कडेवर, झोळीत, कापडी कांगारू-पिशवीत काढायचे आणि मग साधी छत्रीगाडी घ्यायची. पैसे कमी असतील तर दुसऱ्या रस्त्यात कमीपणा काहीच नाही. कांगारू-पिशवीत बाळाचं तोंड आपल्याला दिसलं पाहिजे, नाक मोकळं पाहिजे, आणि पाय लोंबकळते न राहता बेडकासारखे दुमडून फाकलेले हवेत, एवढं सांभाळा.

दुकानात जाताना घरून पाच किलोची तांदळाची पिशवी न्या. दुकानदार बघेल, बघू दे. रिकाम्या गाड्या गुळगुळीत फरशीवर सगळ्याच छान धावतात. पिशवी आत ठेवा, पट्टे बांधा आणि एका हाताने ढकलून वळवून बघा. पट्टा पाच ठिकाणी धरणारा हवा: दोन खांदे, दोन बाजू कमरेच्या आणि एक पायांच्या मधून. फक्त पोटाला गुंडाळणाऱ्या पट्ट्यातून बाळ खाली सरकतं. ब्रेक लावून पिशवीसकट गाडी दुकानाच्या उतारावर उभी करा. ब्रेक पायाने दाबायचा असतो, तो तुमच्या रोजच्या चपलेत लागतो आणि सुटतो का ते बघा. काही ब्रेक खालून पायाच्या बोटांनी वर उचलावे लागतात आणि सँडलमध्ये बोट सोलतं. हँडलची उंची नवरा-बायको दोघांनी तपासा. माझी उंची पाच फूट एक इंच, नवऱ्याची पाच-दहा. एका गाडीत तो वाकत होता आणि त्याचे पाय मागच्या दांड्याला आपटत होते. मग मिटायचं. दुकानदाराने मिटून दाखवलेली गाडी म्हणजे काहीच नाही. तुम्ही स्वतः, डाव्या हातात ती तांदळाची पिशवी कडेवर घेऊन, उजव्या हाताने मिटा आणि उघडा, तीनदा. उघडल्यावर खटका वाजून पक्का बसला का ते हलवून बघा.

त्या खटक्यांजवळच बोटांचं बघायचं. २००९ साली अमेरिकेत मॅक्लारेन कंपनीच्या सुमारे दहा लाख गाड्यांच्या बिजागऱ्यांसाठी झाकणं द्यावी लागली, कारण गाडी उघडताना मुलांची बोटं सापडून शेंडे तुटल्याच्या घटना घडल्या होत्या. बिजागऱ्यांवर कापडाचं किंवा प्लॅस्टिकचं आवरण आहे का बघा, आणि उघडता-मिटताना बाळ हाताच्या अंतराबाहेर ठेवायचं ही सवय घरातल्या सगळ्यांना लावा. मोठं भावंड असेल तर त्याला तर नक्कीच.

चाकांवर पैसे वाचवू नका. आपले रस्ते पेव्हर ब्लॉकचे, मध्येच एखादा ब्लॉक उखडलेला, गटाराच्या झाकणाची फट, फुटपाथवर चढायला एक वीत उंची. अगदी छोटी कडक प्लॅस्टिकची चाकं त्या फटीत बसतात आणि गाडी पुढे झुकते. पुढची चाकं गोल फिरणारी असावीत, पण खडबडीत जागी ती सरळ अडकवून ठेवायची सोयही हवी. डोंबिवलीतल्या फडके रोडवर संध्याकाळी गर्दीत गोल फिरणारी चाकं उपयोगी पडतात, मैदानातल्या मातीत अडकवलेली. हवेची मोठी चाकं हलक्या गाडीला नसतात आणि पंक्चरची कटकट कोणाला हवी, त्यामुळे त्यांचा मोह सोडा.

मग प्रवास. मिटलेली गाडी रिक्षात सीटच्या मागच्या जागेत किंवा पायांशी मावते का? आमच्यासारखं ज्यांचं सगळं येणं-जाणं रिक्षाचं, त्यांनी मिटल्यावरची लांबी आधी विचारावी. छत्रीगाडी मिटून लांब काठीसारखी होते, तीन घड्यांची गाडी चौकोनी बॅगेसारखी. मोटारीत सीएनजी किट असेल तर डिकीत टाकी असते आणि उरलेल्या जागेत चौकोनी घडीच बसते. स्टेशनच्या पुलावर उघडी गाडी नेऊ नका, लोकलमध्ये तर मिटूनच चढा, तेही दुपारच्या रिकाम्या वेळी. सरकत्या जिन्यावर बाबागाडी कधीच घालायची नाही. मॉलमध्ये आणि मेट्रो स्टेशनवर लिफ्ट शोधा, थोडं चालावं लागलं तरी. आणि बाबागाडी म्हणजे मोटारीतली कारसीट नव्हे, हे वेगळं सांगते कारण दुकानात दोन्ही शेजारी ठेवलेली असतात. मोटारीत बाळाला वेगळी, मागे तोंड करून बसणारी सीट लागते.

टप लांब असावा, पश्चिमेचं ऊन अडवण्याइतका, आणि त्याला मागे जाळीची खिडकी असावी. उन्हासाठी गाडीवर ओढणी टाकायची सवय आपल्याला फार आहे. ती मोडा. कापडाने सगळीकडून झाकल्यावर आतली हवा कोंडते, गाडी भट्टीसारखी तापते आणि बाळ दिसतही नाही. टप पुढे ओढा, सावलीच्या बाजूने चाला, एप्रिल-मेमध्ये अकरा ते चार बाहेर पडू नका. विदर्भात-खानदेशात राहणाऱ्यांनी काळं कापड टाळलेलं बरं. मच्छरदाणी घ्याच, डास दिवसासुद्धा चावतात. पण ती गाडीसोबत येते का विचारा, नाहीतर वेगळे पैसे पडतात. पावसाळी कव्हरला हवेची भोकं हवीत. कापड काढून धुता येतं का, हे सगळ्यात कमी विचारलं जातं आणि सगळ्यात जास्त लागतं.

जुनी गाडी घ्यायला माझी ना नाही. बाबागाडी जेमतेम दोन-तीन वर्षं वापरात असते, सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं तर कोणाच्या तरी माळ्यावर सापडते. प्लॅस्टिकचे सांधे तडकलेत का, नळीवर गंज आहे का, पट्ट्याचं बक्कल करकचून बसतं का आणि बाळाच्या हाताने सुटत नाही ना, ते बघा. कोकणात-मुंबईत पावसाळा माळ्यावर काढलेल्या गाडीच्या गादीला बुरशी धरलेली असते. ती वासावरून कळते, नाक लावून बघा. ब्रेक ढिला असेल तर फुकट मिळाली तरी घेऊ नका.

किमतीचं म्हणाल तर मी बघितल्या त्यात साधी छत्रीगाडी दोन-तीन हजारांत, सपाट पाठीची पाच-सहा किलोची गाडी पाच ते आठ हजारांत आणि विमानात वर ठेवता येईल इतकी लहान घडी होणारी त्याच्याही पुढे मिळते. जास्तीचे पैसे पाठ, पट्टा, ब्रेक आणि चाकं यांना द्या. कप ठेवायची जागा, खेळण्यांचा दांडा, दोन्हीकडे फिरणारं हँडल यांना देऊ नका. त्यांनी वजनही वाढतं. गाडीसोबत दुकानदार वॉकर दाखवतोच. तो घेऊ नका. त्याने मूल लवकर चालत नाही, उलट जिन्याशी, गॅसशी लवकर पोचतं. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरवर बंदीच घातली.

गाडी घरी आली की पहिल्या दिवशी बाळाला ठेवायचं नाही. तांदळाची पिशवी घालून जिना, फाटक, कोपऱ्यावरचा वाणी असा फेरा मारा. पिशव्या हँडलला लटकवू नका, बाळाला उचललं की गाडी मागे उलटते; सामान खालच्या जाळीत. आजी-आजोबांना ब्रेक आणि पट्टा त्यांच्या हाताने दोनदा करायला लावा, कारण संध्याकाळी बागेत तेच नेणार आहेत. महिन्याने चाकांत अडकलेले केस आणि दोरे काढा, स्क्रू आवळा. आणि पावती, वॉरंटीचं कार्ड, माहिती-पुस्तिका हे सगळं बाळाच्या लसीकरणाच्या फाइलीत ठेवा. साडेतीन महिन्यांच्या लशीला ती फाइल काढालच, तेव्हा बाळाच्या वाढलेल्या उंचीप्रमाणे खांद्याचे पट्टेही एक घर वर घ्या.