बीबरच्या रोझरी सोनाटा: तारांना हात लावण्याआधी

कॅथलिक जपमाळेच्या (रोझरी) पंधरा रहस्यांवर, म्हणजे येशू आणि मेरीच्या आयुष्यातल्या प्रसंगांवर, व्हायोलिनच्या पंधरा सोनाटा (वाद्यरचना), शेवटी एकट्या व्हायोलिनची पासाकालिया (पुन्हा पुन्हा येणाऱ्या खालच्या सुरावटीवरची रचना). पहिली सोनाटा आणि पासाकालिया सोडली तर प्रत्येक ठिकाणी तारा नेहमीच्या जी, डी, ए, ई पेक्षा वेगळ्या लावायच्या. हाइनरिश बीबर यांचा हा संग्रह (सुमारे १६७६) उघडणाऱ्याला एवढं ठाऊक असतंच. माणूस अडकतो तो वाचताना.

स्वर लिहिलेत ते तारा नेहमीसारख्याच लावल्या आहेत असं धरून. म्हणून कागदावर दिसतो तो सूर नाही, बोटाची जागा आहे. दहावी सोनाटा घ्या, क्रूसावरच्या मरणाची. तारा जी, डी, ए, डी. म्हणजे फक्त ई एक पूर्ण स्वर खाली. आता पाच रेषांमधल्या सर्वांत वरच्या घरात ई लिहिलाय. मोकळ्या तारेवर तो डी वाजतो, आणि तोच हवा असतो. सवयीने ए तारेवर चौथं बोट पडलं, तर खरोखरचा ई वाजतो. तो चूक! पण डोळ्यांना ईच दिसलेला असल्यामुळे कान कुरकुरत नाही. दुसरा वादक आला की सगळं बेसूर, आणि दोष दिला जातो खुंटीला. म्हणून वेगळी सूचना नसेल तर पहिली पोझिशन (डावा हात खुंट्यांच्या बाजूला) आणि मोकळी तार. सुरुवातीचे शार्प-फ्लॅटही (स्वर चढवण्या-उतरवण्याच्या खुणा) ज्या रेषेवर आहेत तेवढ्याच सप्तकापुरते असू शकतात. वरचा एफ शार्प पाहून खालचा चढवू नका.

प्रत्यक्ष सुरांत उतरवलेली प्रत जवळ ठेवा, पण हार्मनी (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा मेळ) समजण्यापुरतीच. ‘आधी नेहमीच्या तारांवर बसवू’ म्हणणाऱ्या गुरूंचं मी तरी ऐकणार नाही: कित्येक जोडस्वर (दोन तारांवर एकदम वाजणारे) तिथे हाताला येतच नाहीत.

तारा लावताना आधी उतरवायच्या, मग चढवायच्या. चौथ्या सोनाटाला (ए, डी, ए, डी) ई खाली घ्या, नंतर जी वर. चढवताना घोडी (तारांखालची उभी लाकडी पट्टी) फिंगरबोर्डकडे, बोटं टेकवायच्या पट्टीकडे, झुकते. दोन्ही हातांनी सरळ करा, नाहीतर आडवी पडेल. उतरवलेली तार पुन्हा वर सरकते, चढवलेली खाली येते. जुळणी आदल्या रात्रीच करा.

अकराव्या, पुनरुत्थानाच्या सोनाटाची भीती उगाच घेतली जाते. मधल्या दोन तारा सैल करून एकमेकींवरून न्यायच्या: एकदा नट (खुंट्यांजवळची खाचांची पट्टी) आणि खुंट्यांच्या मध्ये, एकदा घोडी आणि टेलपीसच्या (तारांची खालची टोकं अडकवतात तो भाग) मध्ये. मग जी, वरचा जी, डी, वरचा डी. एकही तार चढवावी लागत नाही. फक्त जाड डी तार ए तारेच्या अरुंद खाचेत अडकते. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा. बदल्यात खालच्या दोन तारांवर एकच बोट आडवं टाकलं की अष्टक (तोच स्वर दोन सप्तकांत) मिळतं.

साथीच्या ऑर्गन किंवा थिऑर्बोवाल्याचा (थिऑर्बो म्हणजे लांब मानेचं ल्यूटसारखं तंतुवाद्य) बास, म्हणजे खालच्या सुरांची ओळ, मात्र खऱ्या सुरांत छापलेला असतो. तालमीत ‘त्या ई पासून घेऊ’ म्हणू नका, तो त्याच्या कागदावर ई शोधत बसेल. बार नंबर सांगा.