झोटेरोची स्टाइल जर्नलच्या मापाची कशी करायची

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझा लेख एका जर्नलकडून परत आला. मजकुराबद्दल तक्रार नव्हती, संदर्भसूची त्यांच्या पद्धतीत नव्हती. मी वर्डमध्ये बसून 64 नोंदी हाताने सुधारल्या. पहाटे एक राहिलेला संदर्भ झोटेरोतून (संदर्भ साठवून त्यांची सूची आपोआप बनवणारं सॉफ्टवेअर) टाकला, सूची रिफ्रेश झाली आणि सगळ्या नोंदी होत्या तशा झाल्या. तेव्हापासून वर्डमधल्या सूचीला मी हात लावत नाही. बदल करायचा तो स्टाइलच्या फाइलमध्ये, म्हणजे नोंदी कशा छापायच्या याचे नियम जिथे असतात तिथे.

ही फाइल सीएसएल, म्हणजे सायटेशन स्टाइल लँग्वेजमध्ये लिहिलेली असते. मेंडले हे संदर्भांचं दुसरं सॉफ्टवेअरही हीच भाषा वापरतं. (एंडनोट या तिसऱ्या सॉफ्टवेअरचं वेगळं आहे, तिथे हे चालणार नाही.) झोटेरोच्या रिपॉझिटरीत, म्हणजे ऑनलाइन संग्रहात, 10,000 पेक्षा जास्त स्टाइल आहेत, त्यामुळे आधी आपल्या जर्नलचं नाव शोधा. नाही सापडलं तर सीएसएलच्या ऑनलाइन एडिटरमध्ये नमुन्यावरून शोधायची सोय आहे: जर्नलमधल्या छापील नोंदीसारखी नोंद तयार करा, तो जवळच्या स्टाइल दाखवतो. कोऱ्या फाइलपासून सुरुवात करू नका.

पण त्याआधी चूक नक्की कुठे आहे ते बघा. माझ्याकडे मदतीला येणाऱ्यांपैकी निम्म्यांची स्टाइल ठीकच असते, नोंद चुकलेली असते. सूचीत ‘ऑर्गनायझेशन, डब्ल्यू. एच.’ असं छापून आलं, तर वर्ल्ड हेल्थ ऑर्गनायझेशनला झोटेरोने माणसाचं नाव समजून आडनाव वेगळं केलंय. लेखकाच्या रकान्याशेजारचं बटण दाबून नाव एकाच रकान्यात घ्या, काम झालं. शीर्षकांचंही तसंच. इंग्रजी शीर्षक साठवताना पहिला शब्द आणि विशेषनामं एवढीच कॅपिटल ठेवा. त्यावरून प्रत्येक शब्द कॅपिटल करणं स्टाइलला जमतं, उलट दिशेने नीट जमत नाही.

नोंद बरोबर असेल तर झोटेरोच्या सेटिंग्जमध्ये ‘साइट’ (Cite), तिथे स्टाइल एडिटर. लायब्ररीत चार-पाच नोंदी निवडून ठेवा, त्या कशा दिसतील ते खालीच दिसत राहतं. फाइल अगदीच छोटी निघाली, नावं-पानं यांचा काही उल्लेखच नसला, तर ती परावलंबी स्टाइल आहे. ‘इंडिपेंडंट-पॅरेंट’च्या ओळीत जिचा पत्ता आहे ती मूळ स्टाइल उघडा.

पहिला बदल शीर्षक आणि आयडीचा, दुसरं काहीही करण्याआधी. आयडी जुनाच राहिला तर तुमची फाइल मूळ स्टाइलवर जाऊन बसते, आणि पुढे मूळ स्टाइल अपडेट झाली की तुमचं काम पुसलं जातं.

आता लेखकांची संख्या. जर्नल म्हणतं, सहापेक्षा जास्त लेखक असतील तर पहिले सहा द्या आणि पुढे ‘एट अल.’, म्हणजे ‘आणि इतर’. इथे बहुतेक जण ‘एट-अल-मिन’ला 6 घालतात आणि नेमके सहा लेखक असलेला लेखही कापला जातो. मिन म्हणजे कितव्या लेखकापासून कापायचं ते, म्हणून तिथे 7 हवेत. किती नावं ठेवायची ते ‘एट-अल-यूज-फर्स्ट’मध्ये, तिथे 6. मजकुरातल्या उल्लेखासाठी आणि सूचीसाठी हे आकडे वेगवेगळे देता येतात, तेव्हा दोन्ही भाग बघा.

विरामचिन्हांना सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि तो द्यायलाच हवा. समजा खंड, अंक, पानं यांच्यामध्ये स्वल्पविराम हवाय. तो खंडाच्या मागे ‘सफिक्स’ म्हणून चिकटवला, की पुढे अंकही नाही आणि पानंही नाहीत अशा नोंदीत स्वल्पविराम लोंबकळत राहतो. त्याऐवजी तिन्ही गोष्टी एका ‘ग्रुप’मध्ये ठेवा आणि स्वल्पविराम त्या ग्रुपचा ‘डेलिमिटर’ करा. जे दोन घटक खरंच हजर आहेत त्यांच्यामध्येच तो येतो. ‘डीओआय:’ ही अक्षरंही डीओआयसोबत (लेखाचा कायमचा ओळखक्रमांक) एका ग्रुपमध्ये ठेवा. क्रमांक नसेल तर अख्खा ग्रुप गायब होतो, नुसती अक्षरं उरत नाहीत. मला ही गोष्ट कळायला कित्येक महिने लागले, आणि कळल्यावर निम्मी डोकेदुखी गेली.

एका वेळी एकच बदल करा आणि खाली बघा. एक टॅग (फाइलमधली कोनी कंसातली खूण) बंद करायचा राहिला तरी फाइल चालत नाही, आणि दहा बदलांनंतर तो शोधणं जिवावर येतं. तपासायला अवघड नोंदी घ्या: सात लेखकांचा लेख, संपादित पुस्तकातलं प्रकरण, वर्ष नसलेलं वेबपान. मग फाइल नव्या नावाने सेव्ह करा, स्टाइलच्या यादीखालच्या अधिकच्या खुणेवरून ती जोडा आणि वर्डमध्ये डॉक्युमेंट प्रेफरन्सेसमधून निवडा.

जर्नलला साधा मजकूर हवा असेल तर ‘अनलिंक सायटेशन्स’ वापरा, पण फाइलच्या प्रतीवर. एकदा दुवे तुटले की त्या फाइलमध्ये ते परत जोडता येत नाहीत, आणि परीक्षकांच्या सूचना आल्यावर मूळ फाइलच लागते.