चष्मा घातलेल्या व्यक्तीचे छायाचित्र काढताना काचेवरची चकाकी कशी टाळावी

ज्यांनी चाळीस वर्षे चष्मा वापरला आहे, त्यांना छायाचित्रापुरता तो काढून ठेवायला सांगणे मला कधीच पटलेले नाही. चष्मा काढला की नाकावर दोन खुणा दिसू लागतात, नजर कुठे ठेवावी हे त्यांना उमगत नाही आणि घरच्यांनाही तो चेहरा परका वाटतो. चकाकी घालवण्याची जबाबदारी छायाचित्रकाराची आहे, आणि ती पार पाडायची तर चष्म्याकडे दोन लहान आरसे म्हणून पाहण्याची सवय लावून घ्यावी लागते.

साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग समोरून आलेल्या प्रकाशापैकी सुमारे 4 टक्के प्रकाश परत फेकतो, म्हणजे दोन्ही पृष्ठभाग मिळून जवळपास 8 टक्के. दिव्याच्या तेजापुढे डोळा फारच काळोखा असल्यामुळे एवढ्यानेही तो पूर्ण झाकला जातो. अँटी-रिफ्लेक्टिव्ह लेप असलेल्या काचांवर हे प्रमाण बरेच घटते, तरी हिरवट किंवा जांभळट डाग राहतोच.

मुख्य दिवा व्यक्तीच्या एका बाजूला सुमारे 45 अंशांवर ठेवावा. मग स्वतः कॅमेऱ्याच्या जागी डोके नेऊन, एक डोळा मिटून चष्म्याकडे पाहावे आणि सोबत्याला स्टँड हळूहळू उंच करायला सांगावे. काचेतला सॉफ्टबॉक्सचा, म्हणजे दिव्यावर बसवलेल्या पांढऱ्या कापडी पेटीचा, पांढरा चौकोन वर सरकत जातो आणि एका क्षणी फ्रेमच्या वरच्या कडेआड नाहीसा होतो. तिथेच स्टँडचा स्क्रू आवळावा. फ्लॅश वापरत असाल तर त्याचा मॉडेलिंग लाइट, म्हणजे फ्लॅशमधला सतत जळणारा छोटा दिवा, सुरू ठेवूनच हे करावे, नाहीतर चकाकी कुठे आहे हे छायाचित्र निघाल्यावरच कळेल. दिवा फार वर गेला तर फ्रेमची सावली नेमकी डोळ्यांवर पडते आणि खोबणी काळवंडतात, म्हणून उंचीलाही मर्यादा आहे.

त्या मर्यादेपाशी पोहोचल्यावर चष्मा झुकवावा. आरसा जितका वळतो त्याच्या दुप्पट कोनातून त्यातला परावर्तित किरण वळतो, हा शाळेत शिकलेला नियम इथे फार उपयोगी पडतो. कानामागे टेकलेल्या काड्या सुमारे एक सेंटिमीटर वर उचलल्या तर काच साधारण 5 ते 6 अंशांनी खाली झुकते आणि परावर्तन 10 ते 12 अंशांनी सरकते. एका निवृत्त शिक्षकांच्या पंचाहत्तरीसाठी छायाचित्र काढताना त्यांच्या उजव्या काचेवर एक पांढरी पट्टी काही केल्या जात नव्हती, "सर, चष्मा मागून किंचित उचलू का?" असे विचारून काड्या केसांच्या आधाराने वर टेकवल्या आणि त्यांचे डोळे स्वच्छ दिसू लागले. मात्र झुकलेल्या काचेला आता खालचे दिसू लागते. काचेच्या खालच्या भागात जो धूसर उजेड उरला होता, तो त्यांच्याच पांढऱ्या सदऱ्याचा होता, आणि सावली भरून काढायला मांडीजवळ धरलेल्या थर्माकोलने त्यात भर घातली होती. थर्माकोल बाजूला घेतल्यावर तोही बराच ओसरला.

चेहऱ्याची दिशा हा भाग पुष्कळजण विसरतात. चेहरा दिव्याकडे वळलेला असला की काच कॅमेरा आणि दिवा यांच्या बरोबर मध्ये तोंड करून उभी राहते आणि चकाकी अटळ होते; चेहरा दिव्यापासून थोडा दूर वळवला की ती निघून जाते. घरी खिडकीच्या उजेडात छायाचित्र काढतानाही हेच करावे, आणि खोलीतली ट्यूबलाइट आधी बंद करावी. रिंग लाइट शक्यतो टाळावा, कारण तो लेन्सभोवतीच असल्याने प्रत्येक काचेत एक गोल कडे उमटवतो.

पोलरायझर, म्हणजे चकाकी कापण्यासाठी लेन्सवर लावायचा फिल्टर, यावर फार विसंबू नये. काचेवरची चकाकी त्याने सर्वांत चांगली कापली जाते ती काचेच्या लंबापासून सुमारे 56 अंशांच्या कोनात, आणि समोरून काढलेल्या छायाचित्रात प्रकाश त्याहून बऱ्याच सरळ रेषेत येतो. शिवाय निम्म्याहून अधिक उजेड खर्ची पडतो तो वेगळाच.

इतके करूनही डाग राहिला, तर कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून दोन छायाचित्रे काढावीत, एक चष्म्यासह आणि एक चष्म्याविना, आणि दुसऱ्यातले डोळे संगणकावर पहिल्यात बसवावेत, असा सल्ला सर्रास दिला जातो. कमी नंबरच्या चष्म्याला तो चालतो. मोठ्या उणे नंबरच्या काचेतून मात्र डोळे लहान दिसतात आणि गालाची कडाही आत सरकलेली असते, त्यामुळे चष्म्याविना काढलेले डोळे तिथे उसने वाटतात. अशा वेळी चष्मा तसाच ठेवून, दिव्याची जागा थोडी बदलून दोन छायाचित्रे काढावीत, म्हणजे एकात डावी काच स्वच्छ येईल आणि दुसऱ्यात उजवी. मग या दोन काचा जोडाव्यात. त्यासाठी समोरच्या व्यक्तीने दोन-तीन सेकंद स्थिर राहणे पुरेसे असते.