मिल्कवीडचं बी उगवतच नव्हतं, शेवटी फ्रीजने काम केलं

आम्ही न्यू जर्सीत, मागच्या अंगणात पन्हाळीचं पाणी पडतं तिथे कायम चिखल, म्हटलं इथलंच, ओल्या जागेत वाढणारं स्वॅम्प मिल्कवीड हे फुलझाड लावू, मोनार्क फुलपाखराच्या अळ्या मिल्कवीडशिवाय काही खातच नाहीत. मे मध्ये बी पेरलं, दीड महिना काहीच नाही, बायको म्हणे नुसत्या मातीला पाणी घालताय. मग कळलं या बियांना आधी थंडी लागते. ओल्या पेपर टॉवेलमध्ये गुंडाळून झिपच्या पिशवीत 30 दिवस फ्रीजमध्ये, कोथिंबिरीच्या डब्यामागे (एकदा फेकलंच जात होतं!), मग पेरलं तर दहा-बारा दिवसांत कोंब. पुढच्या उन्हाळ्यात गुलाबी झुपके, पान तोडलं की आपल्या रुईसारखाच पांढरा चीक. पिवळा मावा येतोच, पण औषध मारू नका, अळ्याही मरतील, मी पानामागे अंडी नाहीत ना बघून पाण्याने उडवतो.