एनडीएतून पायलट व्हायचंय? या चुका टाळा

एनडीएचं, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं, मनात आलं की मुलं पहिल्यांदा गणिताची पुस्तकं विकत घेतात. चूक इथेच होते. लेखी परीक्षा वर्षातून दोनदा होते. साडेसोळा ते साडेएकोणीस या वयात बसत असाल तर ती पुन्हा देता येते. डोळे आणि पायांची लांबी मात्र अभ्यासाने बदलत नाहीत. म्हणून आधी शरीर तपासून घ्या.

सर्वात जास्त स्वप्नं डोळ्यांपाशी मोडतात. लांबचं अंधुक दिसतं म्हणून लागणारा उणे नंबर हवाई दलाच्या फ्लाइंग ब्रँचला, म्हणजे पायलटांच्या शाखेला, चालत नाही. 'नंतर लेझर करून घेऊ' हा सल्ला तर फारच घातक आहे. वयाच्या विसाव्या वर्षाआधी केलेली ही शस्त्रक्रिया हवाई दल ग्राह्य धरत नाही, आणि एनडीएची वयोमर्यादा त्याआधीच संपते. रंग ओळखण्यातला दोष तर कित्येकांना थेट मेडिकलच्या टेबलावरच कळतो. नेत्रतज्ज्ञाकडे नंबर आणि रंगदृष्टी या दोन्हींची तपासणी दहावीतच करून घ्या.

मग टेप घ्या. उंची किमान 162.5 सेंटिमीटर, पायांची लांबी 99 ते 120, बसल्यावरची उंची 81.5 ते 96, मांडी 64 पर्यंत. ही मापं उगाच ठरवलेली नाहीत. पाय पेडलपर्यंत पोचले पाहिजेत आणि आणीबाणीत सीटसकट बाहेर फेकलं जाताना गुडघे कॉकपिटला आदळता कामा नयेत.

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे तिन्ही विषय हवेत. भूदलासाठी कोणतीही शाखा चालते, हे ऐकून गणित सोडलेली मुलं मला दरवर्षी भेटतात, आणि तोवर उशीर झालेला असतो. फॉर्ममधल्या पसंतीक्रमाचंही तसंच. घाईत भूदल पहिलं टाकलं, तर यादी लागल्यावर हळहळण्यात अर्थ नाही.

लेखीत गणिताला 300 गुण, सामान्य क्षमता चाचणीला 600. गणितात बरोबर उत्तराचे अडीच गुण मिळतात आणि चुकलं की 0.83 जातात. तेव्हा अंदाजाने गोळे काळे करू नका.

आता सीपीएसएसबद्दल, कारण ही चाचणी सर्वात कमी समजून घेतली जाते. पायलटचा कल तपासणारी ही संगणकावरची चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात तर पुढे पदवीनंतर एफकॅट किंवा सीडीएस या अधिकारी भरतीच्या परीक्षांमधूनही फ्लाइंगचं दार उघडत नाही. तरीही मुलं रात्रभर गप्पा मारून सकाळी पेंगुळलेल्या डोळ्यांनी तिथे बसतात. आधी उपकरणांवर आधारित लेखी भाग असतो: कृत्रिम क्षितिज आणि होकायंत्र पाहून विमान कुठे वळलंय, वर जातंय की खाली, हे ओळखायचं. ही उपकरणं कशी वाचायची ते आधी नीट समजून घ्या. पुढे हात आणि पाय एकाच वेळी चालवायचे असतात. तिथे सूचना अर्धवट ऐकून सुरुवात करणारे फसतात. शंका असेल तर सुरू करण्याआधीच विचारा.

एसएसबीच्या, म्हणजे लेखीनंतरच्या निवड मंडळाच्या, 900 गुणांसाठी क्लासमधल्या पाठ गोष्टी नेऊ नका. शब्द-चाचणीत 60 शब्द येतात, प्रत्येकाला 15 सेकंद. एवढ्या वेगात मुखवटा टिकत नाही. शिवाय मानसशास्त्रीय चाचण्या, गटातली कामं आणि मुलाखत घेणारे वेगवेगळे असतात. त्यांच्यासमोर तुम्ही तीन वेगळी माणसं दिसलात की संपलं. खरंच खेळत असाल तरच खेळाडू म्हणा.

मेडिकलमध्ये अनफिट शेरा आला म्हणून बॅग भरून गप्प घरी येऊ नका. कानातला मळ, थोडं जास्त वजन असे दोष उपचाराने बरे होतात, आणि अपील मेडिकल बोर्डाची सोय आहे. त्याची मुदत आणि कार्यपद्धत तिथून निघण्यापूर्वीच लिहून घ्या. त्याहून बरं म्हणजे कान, दात, वजन हे सगळं एसएसबीच्या दोन महिने आधीच निस्तरून टाका.