तिरफळ वाटू नका, ठेचा

मासे तळायचे असतील तर तिरफळाचं, म्हणजे कोकण-गोव्याकडच्या त्या वाळवलेल्या मसाल्याच्या फळाचं, नावही काढू नका. ते कालवणासाठी, आणि त्यातही बांगडा, तारली, पेडवे अशा तेलकट, उग्र माशांसाठी. पापलेटात तिरफळ घालणाऱ्यांशी माझं जमत नाही.

त्रिफळा वेगळा. हिरडा-बेहडा-आवळ्याच्या त्या चूर्णाशी तिरफळाचा काही संबंध नाही, पण ऑनलाइन मागवलंत तर तेच गळ्यात पडायची भीती असते. गोव्यात याला तेफळ म्हणतात, कर्नाटकच्या किनाऱ्यावर जुम्मनकायी. साल चावून बघा, जिभेला झिणझिण्या येतात. झाड लिंबाच्या कुळातलं; चिनी सेचवान मिरी आणि नेपाळी टिमुर ही त्याची भावंडं. खोडाला जाड काटे असतात, त्यामुळे वर चढून घोस उतरवणं येरागबाळ्याचं काम नाही. महाग मिळालं तर कुरकुर करू नका.

घेताना एक फळ चिमटीत चुरडा. लिंबाच्या सालीसारखा वास नाकात शिरला पाहिजे. नसेल तर माल जुना. वाळलेल्या तिरफळाचं तोंड उकललेलं असतं, आत काळं चकचकीत बी. ते काढून टाका. कामाची ती फक्त साल, बी नुसतं दाताखाली कचकचतं.

आता बांगड्याचं कालवण, गोव्यातलं हुमण. 4 बांगडे साफ करून, तुकडे करून मीठ-हळद लावून ठेवा. एक वाटी ओलं खोबरं, भिजवलेल्या 8 बेडगी मिरच्या, चमचाभर धने आणि अर्धा चमचा हळद अगदी गंधासारखं वाटा. लसूण नको, आलं नको. तिरफळाच्या वासावर तेच कुरघोडी करतात. वाटप पातेल्यात घेऊन पाणी घाला, 5-6 सोलं (आमसुलं) टाका, मीठ बघा.

तिरफळं किती? माझ्या सासूबाई वेंगुर्ल्याच्या. त्यांचा हिशोब बांगड्यागणिक दोन आणि पातेल्याचं एक. खलबत्त्यात जरा ठेचायची, सालीचे दोन-तीन तुकडे होतील एवढीच. मिक्सरमध्ये वाटपासोबत फिरवलीत तर कालवण कडू झालंच म्हणून समजा. कालवणाला उकळी फुटली की ठेचलेली तिरफळं त्यात टाका, दोन मिनिटांनी बांगडे सोडा. मग डाव घालायचा नाही. पातेलं दोन्ही हातांनी धरून गोल हलवायचं, नाहीतर मासा मोडतो. सात-आठ मिनिटांत गॅस बंद. वरून चमचाभर कच्चं खोबरेल, लगेच झाकण. फोडणी नाही.

निदान अर्धा तास तसंच मुरू द्या. जेवताना तिरफळं ताटाच्या कडेला काढायची, खायची नाहीत. पाहुण्यांना हे आधी सांगा.

मासे न खाणाऱ्यांनी हिरमुसू नये. चतुर्थीच्या खतखत्यात, म्हणजे मिश्र भाज्यांच्या कालवणात, तिरफळ हवंच, आणि तुरीच्या साध्या आमटीतही चार ठेचून टाकली की पुरे. उरलेली काचेच्या बरणीत, झाकण घट्ट लावून ठेवा. फ्रिज लागत नाही.